बोटीवरचा टेप निघतो, गम राहतो

पावसाळा ओसरला, की नवरात्राच्या आसपास आमच्या शेडमधल्या बोटींवरची ताडपत्री निघते आणि तिच्याबरोबर दरवर्षी तेच दुखणं बाहेर येतं. मे महिन्यात कुणीतरी 'तात्पुरता' म्हणून ताडपत्रीच्या कडेला मारलेला खाकी पॅकिंग टेप. ओढायला जावं तर वरचं प्लास्टिक पापडासारखं तुटतं, तुकड्यातुकड्यांनी हातात येतं आणि रंगावर उरतो पिवळट, चिवट गम. नखाने खरवडला तर नखात जातो. फडक्याने पुसला तर फडकंच चिकटून बसतं.

मी नाशिकमध्ये सातपूरच्या एका कारखान्यात पेंट शॉपला होतो. निवृत्तीनंतर गंगापूर धरणाच्या बाजूला ओळखीच्या हौशी मंडळींच्या सहा-सात बोटी सांभाळतो. बहुतेक फायबरच्या, दोन प्लायवूडच्या, सगळ्या रंगवलेल्या. टेपचा हा उद्योग इतक्या वेळा निस्तरलाय, की आता मला फोनवर नुसतं वर्णन ऐकून सांगता येतं कुणी काय चूक केली असेल. सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हे: "काका, मागच्या आठवड्यात चकाचक केलं होतं. आता त्याच जागी पुन्हा चिकट झालंय, वर काळा पट्टाही आलाय."

तिथूनच सुरुवात करतो, कारण खरी गोम तिथेच आहे.

गम परत येत नाही, तो गेलेलाच नसतो

रॉकेलचा किंवा टर्पेंटाईनचा बोळा घेऊन आपण गमवर गोल गोल फिरवतो. गम विरघळतो, जागा ओली आणि चकचकीत दिसते, आपण खूश. प्रत्यक्षात दोन इंच रुंदीच्या पट्टीतला गम आपण वीतभर जागेत पातळ करून सारवलेला असतो. टर्पेंटाईन उडून जातं, गमचा पातळ पापुद्रा मागे राहतो. तो डोळ्यांना दिसत नाही. दोन दिवसांत रस्त्यावरची धूळ त्यावर बसते आणि काळा पट्टा उमटतो. ओट्यावर सांडलेला गुळाचा पाक एकाच ओल्या फडक्याने पुसला तर ओटाभर होतो, तसंच हे.

म्हणून माझ्या शेडमध्ये एकच नियम आहे: गम पुसायचा नाही, उचलायचा. रसायन कुठलं वापरता हा नंतरचा प्रश्न. रसायनाचं काम गमची पकड सैल करणं एवढंच. बोटीवरून तो बाहेर नेण्याचं काम पट्टीचं आणि कोरड्या फडक्याचं. फडक्याची प्रत्येक पुसणीला नवी घडी घ्यायची, कडेकडून मधे यायचं, एकदा गम लागलेली बाजू पुन्हा रंगाला लावायची नाही. जुने बनियन यासाठी उत्तम. एका हातभर पट्ट्याला दोन बनियन सहज लागतात. अर्ध्या बनियनात काम उरकलं असेल तर समजा, गम अजून बोटीवरच आहे.

गेलाय की नाही हे ओळखायची सोपी खूण सांगतो. जागा पूर्ण कोरडी झाल्यावर अंगाला लावायची टाल्कम पावडर हलकेच भुरभुरायची आणि फुंकर मारायची. गम असेल तिथे पावडर धरून राहते, नकाशा काढल्यासारखी दिसते. बोटीला नुसतं बोट लावून एवढं कळत नाही, आपल्या बोटांना घाम असतो.

टेप कुठला होता?

हे विचारल्याशिवाय मी बाटलीला हात लावत नाही. टेप दिसायला सारखे असले तरी त्यांच्या गमची जात वेगळी असते.

आपला कागदी मास्किंग टेप आणि जाड कापडी डक्ट टेप, यांचा गम बहुतेक वेळा रबराचा असतो, त्यात राळेसारखे पदार्थ मिसळलेले. हा रॉकेल, टर्पेंटाईन, खोबरेल, निलगिरी तेल अशा तेलकट मंडळींना वश होतो. खाकी किंवा पारदर्शक पॅकिंग टेप आणि नंबराचे व्हिनाईल स्टिकर, यांचा गम बऱ्याचदा ऍक्रिलिकचा. तो तेलाला लवकर दाद देत नाही. त्याच्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे सॅनिटायझरच्या काळात सगळ्यांच्या घरी आलेलं आयपीए, जास्त कामाचं. काळा इलेक्ट्रिक टेप हा तिसरा प्रकार. त्याचं प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य घातलेलं असतं, ते उन्हात झिरपून गममध्ये उतरतं आणि काकवीसारखं ओघळतं. दिसायला सगळ्यात घाण, पण काढायला सगळ्यात सोपा.

टेप किती दिवस होता हेही तितकंच महत्त्वाचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या आसपास जातो आणि गडद निळ्या बोटीच्या कडेला दुपारी हात टेकवत नाही. त्या तापात आणि अतिनील किरणांत रबरी गम आधी पातळ होतो, मग हळूहळू कडक होत वॉर्निशसारखा ठिसूळ बनतो. त्याच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींत अडकून जाळं तयार झालेलं असतं. असा गम कशातच विरघळत नाही, भिजलेल्या चण्यासारखा फक्त फुगतो. म्हणून महिन्याभराच्या टेपला पाच मिनिटं पुरतात आणि दोन उन्हाळे पाहिलेल्या टेपला अर्धा तास भिजवावं लागतं. जोर वाढवून उपयोग नाही, वेळ वाढवावा लागतो.

रंग कुठला आहे?

इथे मी स्वतः शेण खाल्लंय, म्हणून जरा सविस्तर.

तीन वर्षांपूर्वी शेडवर कामाला नवा पोरगा आला होता. मी फोनवर बोलत होतो. त्याने लांबून विचारलं, "काका, थिनर मारू का?" मी मानेनेच हो म्हटलं. मला वाटलं, समोरच्या पांढऱ्या बोटीबद्दल विचारतोय, तिला टू-पॅक पीयू, म्हणजे दोन डबे मिसळून मारायचा रंग होता. तो उभा होता मागच्या प्लायवूडच्या होडीपाशी, जिला साध्या ऑइल पेंटचे दोन हात होते. फोन ठेवून वळेपर्यंत टेपच्या पट्ट्यालगतचा हिरवा रंग तापल्या दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला होता. गम निघाला, हे खरं. त्याच्याबरोबर रंग आणि प्रायमरही निघाला, खाली लाकूड दिसायला लागलं. पोरगा बिचारा पांढराफटक. "भो, माझंच चुकलं," म्हणून मी त्याला चहा पाजला आणि पुढचे दोन दिवस आम्ही दोघं ती कड घासून पुन्हा रंगवत बसलो.

गॅरेजमध्ये मिळणाऱ्या थिनरमध्ये टोल्युईन, ऍसिटोन असली जहाल मंडळी असतात. ऑइल पेंट हवेतल्या ऑक्सिजनने सुकतो. कितीही जुना असला तरी जहाल थिनरखाली तो फुगून सुटतो. जुन्या डुको पद्धतीच्या रंगाची गत याहून वाईट, तो सरळ विरघळतो. टू-पॅक रंगात मात्र हार्डनर मिसळलेला असल्यामुळे पूर्ण पिकल्यावर तो थिनरला बराच वेळ तोंड देतो. फायबरची बोट रंगवलेली नसेल, मूळचा जेलकोटच, म्हणजे फायबरचाच वरचा चकचकीत थर असेल, तर तोही बऱ्यापैकी सोसतो.

ओळखायचं असं: बाकाखाली किंवा बोटीची मोटार बसवतात त्या पाटाच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशी जागा शोधा. कानात घालायच्या कापसाच्या काडीला थिनरचा एक थेंब लावून तिथे दहा-पंधरा सेकंद घासा. कापसावर रंग उतरला किंवा जागा मऊ लागली, तर तो एक डब्याचा रंग आहे. त्या बोटीपुरती थिनर, ऍसिटोन आणि नेलपॉलिश रिमूव्हर ही तिन्ही नावं विसरा. 'ऍसिटोन नाही' असं लिहिलेलं रिमूव्हरही नको, त्यात दुसरं कुठलं तरी जहाल द्रावक असतंच. कापूस स्वच्छ राहिला तर थोडी मोकळीक आहे, पण तीही शेवटचा उपाय म्हणून.

आणखी एक अडचण. जुन्या बोटीला एकच रंग असेल असं समजू नका. मालक बदलतात, दर मालकाने आपला एक हात मारलेला असतो. खाली टू-पॅक, वर कुणीतरी बाजारातून आणलेला ऑइल पेंट, असंही पाहिलंय. म्हणून चाचणी टेपच्या जवळपास, त्याच भागावर करा. पाटाखाली केलेली चाचणी कडेला लागू पडेलच असं नाही.

आता प्रत्यक्ष काढायचा कसा

बोट आधी साबणाच्या पाण्याने धुवा आणि वाळू द्या. हे कंटाळवाणं वाटतं, पण गमवर बसलेली रेती न धुता फडकं फिरवलं तर रंगावर बारीक ओरखड्यांची जाळी उमटते आणि ती घालवायला गमपेक्षा जास्त वेळ जातो.

टेपचं प्लास्टिक शाबूत असेल तर केस वाळवायच्या ड्रायरने त्याला शेकायचं. वीतभर लांबून, एका जागी न थांबता. किती? टेपवर तळहात पाच सेकंद आरामात ठेवता येईल इतपत. हिट गन शक्यतो नकोच. फायबरच्या बोटीत जी साधी पॉलिएस्टर रेझीन असते ती साठ-सत्तर अंशांच्या पुढे मऊ पडू लागते, आणि हिट गन त्याच्या कैक पट गरम हवा फेकते. रोइंगच्या बोटींना तर हिट गन दाखवूही नका, त्यांची कातडी पातळ आणि आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गाभा असतो. (२०१६ साली चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ रिओ ऑलिंपिकला एकेरी स्कल्समध्ये उतरला, तेव्हापासून ही निमुळती बोट म्हणजे काय ते निदान नाशिकमध्ये समजावून सांगावं लागत नाही.)

जास्त तापवण्यात दुसरीही मेख आहे. टेप लोण्यासारखा निघतो खरा, पण गम त्याच्याबरोबर येत नाही, सगळा रंगावर राहतो. थंड असताना ओढला तर उलट. गम टेपबरोबर यायला बघतो, पण ओढ इतकी बसते की कच्चा रंगही उचलला जातो. मधला कोमटपणा साधावा लागतो. आमच्याकडे ऑक्टोबरात सकाळी दहाच्या सुमाराचं ऊन नेमकं तेवढं असतं, तेव्हा ड्रायरही लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे हे काम काढू नका. निफाडकडची थंडी पेपरात वाचायला बरी असते, पण त्या गारठ्यात गम काचेसारखा होतो आणि रंगाच्या कपच्या घेऊन सुटतो.

टेपचं टोक सोडवलं की तो वर खेचायचा नाही. उलटा, स्वतःवरच दुमडत, पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून मागे न्यायचा, सावकाश.

आता उरलेला गम. ताजा असेल तर काट्याने काटा काढायचा. त्याच जातीच्या नव्या टेपचा तुकडा गमवर दाबायचा आणि झटक्यात उचलायचा. दहा-बारा वेळा केलं की निम्मा गम निघून येतो, एक थेंब रसायन न लागता. लोक यावर हसतात. करून बघा.

मग भिजवण. सुती कापडाची पट्टी टर्पेंटाईनमध्ये बुडवून पिळायची, गमवर पसरायची आणि वर दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक झाकायचं, म्हणजे ते उडून जात नाही. टर्पेंटाईन म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाईन. पूर्वी रॉकेलवर भागायचं, आता रॉकेल मिळवण्यापेक्षा हेच सोपं. ऑइल पेंटवर दर पाच मिनिटांनी पट्टी उचलून बघायचं, कारण टर्पेंटाईन हाच त्या रंगाचा पातळ करायचा पदार्थ आहे. महिना-दोन महिन्यांपूर्वी मारलेला ऑइल पेंट वरून सुकलेला दिसला तरी आतून कच्चा असतो. अशा नव्या रंगावर टर्पेंटाईन नको. तिथे खोबरेल किंवा शेंगदाणा तेल लावून तासभर वाट बघा. हळू काम, पण बिनधोक. जवसाचं तेल चुकूनही नको, ते स्वतःच सुकून वॉर्निश होतं आणि मग एकाऐवजी दोन थर काढत बसावं लागतं.

पॅकिंग टेप आणि स्टिकरच्या गमला टर्पेंटाईनऐवजी आयपीए, पद्धत तीच. ते भरकन उडतं म्हणून प्लास्टिक झाकणं इथे जास्त गरजेचं. ऑइल पेंटवर तेही थोडंथोडंच, चकाकी मेल्यासारखी वाटली की थांबायचं. कुठला गम आहे ते कळतच नसेल तर निलगिरीच्या तेलाने सुरुवात करा. मेडिकलमध्ये मिळतं, दोन्ही जातींवर थोडंफार चालतं, आणि शेडमध्ये सर्दीही होत नाही.

गम फुगला, पांढरट झाला, बोटाने ढकलल्यावर त्याची वळकटी व्हायला लागली, की जुनं एटीएम कार्ड घ्यायचं. अगदी आडवं धरून, एकाच दिशेने, खालून उलथनं घातल्यासारखं सरकवायचं. दर फटक्याला कार्ड रद्दी पेपरावर पुसायचं. पेंटरकडची लोखंडी पत्ती किंवा दाढीचं पातं वापरणारे महाभाग आहेत. सपाट काचेवर ते ठीक, पण बोटीला सपाट जागा असते कुठे? गोलाईवर पत्तीचा कोपरा रुततोच.

डक्ट टेपचं प्लास्टिक निघून नुसती दोऱ्यांची जाळी उरली असेल तर जाळी ओढत बसू नका. जाळीवरच पट्टी भिजवून ठेवा, ती वातीसारखं टर्पेंटाईन शोषून खाली गमपर्यंत पोचवते आणि नंतर अख्खी उचलली जाते.

शेवटी भांडी घासायचं लिक्विड आणि गरम पाणी, दोनदा. हे टाळलं तर तेलाचा हात राहतो, त्यावर धूळ बसते आणि आपण पुन्हा गमलाच शिव्या घालतो.

डेकवर घसरू नये म्हणून केलेला खरखरीत रंग असेल तर कार्ड चालत नाही. तिथे जुना टूथब्रश आणि चिकाटी.

फोमचा दुहेरी टेप

मोबाईलचा स्टँड, कप्प्याचं झाकण, देवाची छोटी तसबीर, असलं काहीबाही लोक फोमच्या दुहेरी टेपने बोटीवर चिकटवतात. ते उपटायचं नाही. मासे धरायची तंगूस दोन्ही हातांना गुंडाळून वस्तूच्या मागे घालायची आणि करवतीसारखी मागेपुढे ओढायची. फोम मधोमध कापला जातो. पोरगा एकदा यासाठी येवल्याहून आणलेल्या मांज्याची रिळ काढायला लागला होता. नायलॉन मांजावर बंदी आहे हे एक, आणि हाताची बोटं आधी कापली जातील हे दुसरं. उरलेला फोम अंगठ्याने रगडून निघतो, मग गमची वरचीच रीत.

गम गेला, पण सावली राहिली

पावडरची खूण स्वच्छ, बोटाला गुळगुळीत, तरी टेपची चौकट दिसतेच. हा गम नव्हे. टेपखाली रंग उन्हापासून वाचला, आजूबाजूचा विटला. म्हणजे डाग दिसतोय ती खरं तर बोटीची एकमेव चांगली राहिलेली जागा. यावर द्रावक घासणाऱ्यांनी अख्ख्या बोटी खराब केल्यात. इथे काम उलटं करायचं असतं. टेपच्या जागेला हात लावायचा नाही, तिच्या आजूबाजूचा विटका थर रबिंग कंपाउंडने उतरवायचा आणि वरून वॅक्स. ऑइल पेंट असेल तर हाताने, बेताने. मशीन लावलं की कडेवरचा रंग आधी जातो. फरक फारच असेल तर मी मालकाला सरळ सांगतो, नवा नंबर त्याच जागी, थोड्या मोठ्या आकारात लावून घ्या.

पांढऱ्या रंगावर कधी तपकिरी झाक राहते, गममधलं काहीतरी रंगातच मुरलेलं असतं. ती कशाने निघत नाही. जास्त घासलंत तर तिथे खळगा मात्र पडेल.

रंगवायचीच असेल तर

अनेकांचं म्हणणं, "नाहीतरी रंगवायचीय, गमवरूनच पॉलिश पेपर मारू." नको. घासण्याच्या उष्णतेने गम वितळतो, पेपर दोन मिनिटांत गिळगिळीत होतो आणि गम पेपरच्याच ओरखड्यांत खोल जाऊन बसतो. त्यावर मारलेला रंग जागोजागी बाजूला सरकतो, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे वापरून गम काढला आणि नीट धुतला नाही, तरी हेच होतं.

आधी गम, मग साबण-पाणी, मग पेपर, हा क्रम मोडायचा नाही. पेपर मारण्याआधी जागेवर पाणी शिंपडून बघायचं. पाणी सलग पसरलं तर जागा स्वच्छ. अळूच्या पानावर होतात तसे थेंब झाले, तर तेल अजून आहे.

जिवाला जपून

पेट्रोलने गम झकास निघतो हे मलाही माहीत आहे. तरी माझ्या शेडमध्ये पेट्रोलला बंदी आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती वर उडून जात नाही. बोट म्हणजे एक मोठं घमेलं, वाफ तळाशी साठून राहते आणि आपण आत वाकून काम करत असतो. तिथे एक ठिणगी पुरते. याच कारणाने ड्रायर आणि द्रावक एका वेळी कधीच नाही. आधी शेक, ड्रायरची पिन काढायची, मग बाटली उघडायची. हातमोजे नायट्रिलचे घ्या, दवाखान्यातले पातळ रबरी टर्पेंटाईनमध्ये लोळागोळा होतात. भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात फेकू नका, उघड्यावर पसरून सुकवा.

हे सगळं पाण्यापासून लांब, जमिनीवर, खाली पेपर किंवा प्लास्टिक अंथरून करायचं. गंगापूर धरणाचं पाणी नाशिक पितं. बोट पाण्यात ठेवून टर्पेंटाईन चोळणारा एकजण मी काठावरून हाकलला होता, तेव्हा त्याच्या हातात पिण्याच्या पाण्याची बाटली होती.

मुळात चिकटूच नये म्हणून

मास्किंग टेपचा जन्मच या भानगडीतून झालाय. १९२० च्या दशकात अमेरिकेत दोन रंगी मोटारींची फॅशन होती. रंगाची सीमा आखायला कारागीर जे काही चिकटवत, ते काढताना ताजा रंग सोलून निघे. थ्रीएम कंपनीतल्या रिचर्ड ड्रूने त्यांची ती चडफड पाहिली आणि १९२५ मध्ये सहज सुटणारा टेप केला. सहज सुटण्यासाठीच केलेली वस्तू आपण महिनोन्महिने उन्हात ठेवतो आणि सुटत नाही म्हणून ओरडतो.

पाणरेषेचा पट्टा रंगवताना साधा मास्किंग टेप त्याच दिवशी काढायचा, रंग बोटाला लागत नाही पण पूर्ण कडकही झालेला नाही अशा वेळी. कडक झाल्यावर ओढला तर कड करवतीसारखी तुटते. काम चार-आठ दिवस चालणार असेल तर निळा टेप घ्या, महाग पडतो, पण किती दिवस उन्हात चालेल ते रोलवर लिहिलेलं असतं. शर्यतीचे नंबर शर्यत संपली की त्याच संध्याकाळी काढायचे. पोरं म्हणतात, राहू द्या, आठवण म्हणून. आठवण फोटोत ठेवा.

ताडपत्रीचा प्रश्न मी यंदा निकालात काढला. नाशिकच्या बाजारात, शालिमारला नेऊन तिच्या चारी कडांना हातभर अंतरावर पितळी आयलेट मारून घेतले, आता दोरी ओवून ती बोटीच्या पोटाखालून बांधता येते. खाकी टेपचे दीड डझन रोल मात्र अजून शेडमध्ये आहेत. पिंपळगावला माझ्या पुतण्याचं द्राक्षांचं पॅकिंग चालतं, तिथून मीच कधीतरी फुकट मिळतात म्हणून उचलून आणले होते. त्याला फोन केला, घेऊन जा म्हटलं. तो म्हणाला, "राहू द्या काका, तुमच्या बोटींना लागतील."